विश्लेषण : बीएमएक्सपटू जायबंदी झाला तर आधार कोणाचा? चंद्रपूर-गडचिरोलीत मदत कशी उभी राहील?

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ऑगस्ट २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या साया साकाकिबाराने बीएमएक्स रेसिंगचे सुवर्णपदक जिंकले. तिचा मोठा भाऊ काई हाही याच खेळातला व्यावसायिक खेळाडू. फेब्रुवारी २०२० मध्ये बाथर्स्ट येथील विश्वचषक शर्यतीत तो पडला आणि त्याच्या मेंदूला गंभीर इजा झाली. त्याला हवाई रुग्णवाहिकेने कॅनबेराच्या रुग्णालयात हलवावे लागले. सुमारे दोन महिने तो बेशुद्धावस्थेत होता. चालणे-बोलणे त्याला नव्याने शिकावे लागले. या काळात त्याच्यामागे कुटुंब, क्रीडा संघटना, पुनर्वसन केंद्र आणि निधी देणारे चाहते उभे राहिले.

असाच अपघात बल्लारपूर किंवा आलापल्लीजवळच्या मुरमाच्या उतारावर सराव करणाऱ्या एखाद्या तरुणाला झाला तर? अपघातानंतर पहिले चार दिवस विचारपूस करणाऱ्यांची रीघ लागते. प्रश्न त्यानंतरच्या चार वर्षांचा असतो. ही मदत नेमकी कशी असावी, कोणत्या योजना उपयोगी पडतात आणि या दोन जंगल जिल्ह्यांत कशावर भर द्यावा लागेल, याचा हा आढावा.

बीएमएक्स इतके धोकादायक का?

बीएमएक्स म्हणजे ‘बायसिकल मोटोक्रॉस’. सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियात मोटारसायकलींच्या शर्यतींची नक्कल म्हणून मुलांनी हा खेळ सुरू केला. वीस इंची चाके, एकच गिअर आणि दणकट सांगाडा असलेली ही सायकल. रेसिंगमध्ये आठ खेळाडू उंच उतारावरून एकाच वेळी सुटतात आणि मातीचे उंचवटे उडत पार करतात. फ्रीस्टाइलमध्ये हवेत कसरती कराव्या लागतात. रेसिंगचा समावेश २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकपासून, तर फ्रीस्टाइलचा टोकियोपासून झाला.

रिओ ऑलिम्पिकमध्ये (२०१६) कोणत्या खेळात किती खेळाडू जायबंदी झाले, याची नोंद आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या अभ्यासगटाने ठेवली होती. त्यात बीएमएक्स पहिल्या क्रमांकावर होते. सहभागी खेळाडूंपैकी ३८ टक्क्यांना या ना त्या स्वरूपाची दुखापत झाली. बहुतेक दुखापती हात, खांदा, गळ्याचे हाड यांच्या असतात आणि त्या बऱ्या होतात. आयुष्य बदलून टाकतात त्या दोन : मानेच्या मणक्याची आणि मेंदूची.

जगात अशा खेळाडूंना आधार कसा मिळाला?

तीन उदाहरणे बोलकी आहेत. ब्रिटनचा स्टीफन मरे हा एक्स गेम्सचा सुवर्णपदक विजेता. जून २००७ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर येथील स्पर्धेत दुहेरी उलटी कोलांटी घेताना तो पडला आणि मानेखाली लुळा झाला. त्याच्या उपचारांचा खर्च पाहून या खेळातल्या लोकांच्या लक्षात आले, की आपल्याकडे अशा वेळेसाठी काहीच तरतूद नाही. त्यातून जायबंदी खेळाडूंसाठी ‘अॅथलीट रिकव्हरी फंड’ हा कायमस्वरूपी निधी उभा राहिला. एकासाठी जमलेली मदत पुढच्या अनेकांच्या उपयोगी पडली.

दुसरे उदाहरण ऑस्ट्रेलियाच्या सॅम विलोबीचे. लंडन ऑलिम्पिकमधील हा रौप्यपदक विजेता सप्टेंबर २०१६ मध्ये सरावात पडला, मानेचे मणके मोडले आणि तो चाकाच्या खुर्चीवर आला. पण त्याचे खेळाचे ज्ञान शाबूत होते. तो प्रशिक्षक झाला. त्याची पत्नी अलीस त्याच्या मार्गदर्शनाखाली पुढे जगज्जेती ठरली. येथे आधार केवळ पैशांचा नव्हता, त्याला खेळात पुन्हा काम मिळाले.

तिसरे उदाहरण दुःखद आहे. अमेरिकेचा डेव्ह मिरा हा या खेळातला सर्वात मोठ्या नावांपैकी एक. २०१६ मध्ये त्याने आयुष्य संपवले. नंतरच्या तपासणीत वारंवार डोक्याला मार बसल्याने होणारा मेंदूचा आजार त्याला जडला असल्याचे आढळले. वरून धडधाकट दिसणाऱ्या खेळाडूलाही आधाराची गरज असते, हे त्यामुळे पुढे आले.

महाराष्ट्राचा अनुभव काय सांगतो?

आपल्याकडे याचे सर्वात ठळक नाव मुरलीकांत पेटकर यांचे. सांगली जिल्ह्यातले पेटकर लष्करात होते आणि मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्याने त्यांचे मुष्टियुद्ध संपले. उपचारांचा भाग म्हणून ते पोहू लागले आणि १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक त्यांनी विश्वविक्रमी वेळेत जिंकले. भारताचे ते पॅरालिम्पिकमधील पहिले सुवर्ण. त्यांना तेथे पाठवण्यासाठी माजी क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या संस्थेने खर्चाचा भार उचलला. पुढे टेल्कोतील नोकरीने घर चालले. सरकारी सन्मान मात्र खूप उशिरा आला. पद्मश्री २०१८ मध्ये, म्हणजे पदकानंतर ४६ वर्षांनी. उपचारात खेळ, प्रवासाला मदत करणारी संस्था आणि पगार देणारी नोकरी या तीन गोष्टींनी त्यांना तारले.

सांगली जिल्ह्याच्याच आटपाडी तालुक्यातील सचिन खिलारी शाळेत असताना सायकलवरून पडला. हाताच्या जखमेत गँगरीन झाले आणि तो हात कायमचा अधू झाला. पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये (२०२४) त्याने गोळाफेकीत रौप्यपदक मिळवले. लहान गावातली साधी पडझडही वेळेवर नीट उपचार न मिळाल्यास कुठपर्यंत जाऊ शकते, हेही या उदाहरणातून दिसते.

साहसी खेळातल्या दुखापतीतून संस्था उभी राहिल्याचे उदाहरणही महाराष्ट्रात आहे. डॉ. केतना मेहता यांना १९९५ मध्ये पॅराग्लायडिंग करताना मज्जारज्जूची इजा झाली. त्यांनी २००१ मध्ये मुंबईत ‘नीना फाउंडेशन’ सुरू केले. मज्जारज्जूच्या इजेने अपंगत्व आलेल्यांना माहिती, समुपदेशन आणि पुनर्वसनासाठी ही संस्था मदत करते.

पहिल्या तासात काय करावे आणि काय टाळावे?

जंगल भागात सगळ्यात मोठी चूक प्रेमापोटी होते. पडलेल्याला लगेच उठवून बसवले जाते, पाणी पाजले जाते, दुचाकीवर दोघांच्या मध्ये बसवून नेले जाते. मानेचा मणका मोडलेला असेल तर या हालचालीत मज्जारज्जू आणखी चिरडला जाऊ शकतो. मग जे बोट हलत होते तेही हलायचे थांबते.

मान दुखत असेल, हातापायाला मुंग्या किंवा बधिरपणा असेल, हात-पाय हलत नसतील किंवा खेळाडू बेशुद्ध असेल तर त्याला जागेवरच ठेवावे. डोके दोन्ही हातांनी स्थिर धरावे. श्वास अडत नसेल तर हेल्मेट ओढून काढू नये. १०८ क्रमांकावर फोन करावा. हलवणे अटळच असेल तर चार जणांनी मिळून डोके, पाठ आणि कंबर एका रेषेत ठेवून, लाकडाचा ओंडका वळवावा तसे एकदम वळवावे आणि सपाट फळीवर घ्यावे.

भामरागड, एटापल्लीच्या आतल्या गावांतून रुग्णाला खाटेची कावड करून रस्त्यापर्यंत आणण्याची पद्धत आजही दिसते. तिथे तोच एक मार्ग असतो. पण विणलेली खाट मध्ये खोल जाते आणि पाठ वाकते. म्हणून मणक्याच्या रुग्णासाठी खाटेवर आधी फळी किंवा दरवाजाची झडप टाकावी, मानेच्या दोन्ही बाजूंना कापडाच्या घट्ट गुंडाळ्या लावाव्यात आणि कपाळ व छाती फडक्याने फळीला बांधावी. एवढी साधी गोष्ट सराव घेणाऱ्या प्रत्येक गटाला आधीपासून ठाऊक असायला हवी.

अंतराचा प्रश्न किती मोठा?

भामरागडहून गडचिरोली सुमारे १८० किलोमीटर आणि गडचिरोलीहून नागपूर आणखी सुमारे १७० किलोमीटर. सिरोंच्याहून जिल्ह्याचे ठिकाणच दोनशे किलोमीटरहून दूर. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्कच तुटतो. मज्जारज्जूवर दाब असेल तर तो शक्यतो २४ तासांच्या आत शस्त्रक्रियेने काढावा, असे तज्ज्ञ सांगतात. म्हणजे निम्मी लढाई रस्त्यावरच असते.

चंद्रपूरला २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, गडचिरोलीचे अलीकडे सुरू झाले. तरीही मेंदू व मणक्याच्या गुंतागुंतीच्या शस्त्रक्रियेसाठी रुग्ण बहुधा नागपूरलाच जातो. तिथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि एम्स आहे. चातगावजवळ डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या माँ दंतेश्वरी रुग्णालयात मुंबईचे मणकातज्ज्ञ डॉ. शेखर भोजराज आणि त्यांचे सहकारी शिबिरे घेतात. ती ठरलेल्या वेळी होतात. ताज्या अपघातासाठी त्यांची वाट पाहता येत नाही, मात्र नंतरच्या तपासणीसाठी आणि सल्ल्यासाठी अशी सोय मोलाची ठरते.

रुग्णालयातून घरी आल्यावर खरी परीक्षा का?

शस्त्रक्रिया झाली, टाके निघाले, फोटो काढून झाले. इथून पुढे घरच्यांची कसोटी सुरू होते. मज्जारज्जूची इजा झालेल्याला शरीराच्या काही भागात संवेदना नसते. एकाच कुशीवर पडून राहिल्यास त्याला कळतही नाही आणि जखम होते. म्हणून अंथरुणात दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, त्वचा रोज तपासावी लागते. लघवीची नळी स्वच्छ हाताने, ठरलेल्या वेळी वापरायला शिकावे लागते. यात हयगय झाली तर मूत्रमार्गाचा संसर्ग होतो आणि तो मूत्रपिंडापर्यंत जाऊ शकतो.

छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत इजा असलेल्यांना आणखी एक धोका असतो. मूत्राशय तुंबले, नळी वाकली किंवा पोट साफ झाले नाही तर रक्तदाब एकाएकी चढतो. डोके ठणकते, चेहरा लाल होतो, घाम फुटतो. अशा वेळी रुग्णाला बसते करून, नळी मोकळी करून तातडीने दवाखाना गाठावा लागतो. ‘डोकेदुखीची गोळी देऊ’ म्हणून थांबणे जिवावर बेतू शकते.

या दोन जिल्ह्यांत त्यात उन्हाळ्याची भर पडते. चंद्रपूरचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो. इजेच्या खालच्या भागात घाम येत नसल्याने अशा रुग्णाचे शरीर आपोआप थंड होत नाही. इतरांना नुसता उकाडा वाटतो तेव्हा त्याला उष्माघात होऊ शकतो. ओले कापड, पंखा किंवा कूलर आणि पाणी शिंपडणे हा त्याच्यासाठी उपचारच आहे. गडचिरोलीत हिवतापाचीही भीती असते. ताप आला तर तो लघवीच्या संसर्गाचा की हिवतापाचा, हे घरी ठरवू नये. रक्त आणि लघवी दोन्ही तपासून घ्यावी.

मेंदूच्या इजेत लक्षणे वेगळी असतात. विसरभोळेपणा, चिडचिड, उजेड-आवाज सहन न होणे, झोप बिघडणे. घरचे म्हणतात, ‘आता बरा दिसतो, मग असा का वागतो?’ हा त्याचा हट्ट नसून इजेचा भाग आहे, हे कुटुंबाला समजावून सांगणारे कोणीतरी हवे. डोक्याला मार बसलेल्या खेळाडूने त्याच दिवशी पुन्हा सायकलवर बसू नये, हा जगभर मान्य झालेला नियम आहे.

पैशांसाठी कोणत्या योजना आहेत?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत राज्यातील कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. शिधापत्रिका, आधारकार्ड घेऊन संलग्न रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटावे. सिरोंच्याकडचे रुग्ण सोयीसाठी तेलंगणात जातात. त्यांनी तेथील रुग्णालयात योजना लागू होते का, हे दाखल होण्याआधीच विचारून घ्यावे.

खेळाडूंसाठी केंद्राचा पंडित दीनदयाळ उपाध्याय राष्ट्रीय खेळाडू कल्याण निधी आहे. मूळ निधी १९८२ चा. सरावात किंवा स्पर्धेत झालेल्या दुखापतीसाठी त्यातून दहा लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे. हलाखीत असलेल्या नामवंत खेळाडूंसाठी तो आहे, त्यामुळे कामगिरीचे आणि उत्पन्नाचे दाखले लागतात. भारतीय क्रीडा प्राधिकरणाने २०२१ मध्ये आपल्या शिबिरांतील व योजनांतील १३ हजारांहून अधिक खेळाडू-प्रशिक्षकांसाठी पाच लाखांचा आरोग्य विमा आणि २५ लाखांचा अपघात विमा जाहीर केला.

अडचण अशी, की ही विमा-छत्री शिबिरात निवड झालेल्यांसाठी आहे. स्वतःच्या हिमतीवर सायकल उडवणारा, समाजमाध्यमावर चित्रफिती टाकून प्रायोजक मिळवणारा तरुण तिच्याबाहेर राहतो. त्याने घेतलेल्या खासगी अपघात विम्यातही व्यावसायिक किंवा साहसी खेळातल्या दुखापती अनेकदा वगळलेल्या असतात. विमा घेताना ‘काय मिळते’ यापेक्षा ‘काय वगळले आहे’ हे पान आधी वाचावे आणि प्रायोजकाशी करार करताना उपचाराचा खर्च कोण करणार, हे लिहून घ्यावे.

कायद्याचे संरक्षण कितपत?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार सरकारी सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला त्या कारणाने काढता येत नाही किंवा त्याची पदावनती करता येत नाही. क्रीडा कोट्यातून पोलीस, रेल्वे किंवा अन्य खात्यात लागलेल्या खेळाडूसाठी हे मोठे कवच आहे. स्वतंत्रपणे खेळणाऱ्याला ते मिळत नाही. ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि ‘यूडीआयडी’ कार्ड मिळाल्यावर मात्र त्यालाही सरकारी नोकरीतील आरक्षण, साहाय्यक साधने आणि पात्र ठरल्यास संजय गांधी निराधार अनुदान यांची दारे उघडतात. म्हणून हे कार्ड लवकर काढावे. त्याकडे कमीपणा म्हणून पाहिले जाते आणि अनेक महिने वाया जातात.

मित्र आणि गावकऱ्यांनी मदत कशी करावी?

निधी गोळा करण्याचा उत्साह पहिल्या आठवड्यात सर्वाधिक असतो, खर्च मात्र पुढे अनेक महिने चालतो. त्यामुळे जमलेली रक्कम स्वतंत्र खात्यात, दोघांच्या सहीने ठेवावी. दर महिन्याला जमा-खर्च गटावर टाकावा. सगळी रक्कम शस्त्रक्रियेत संपवू नये. भौतिकोपचार, नळ्या, गादी, चाकाची खुर्ची आणि नागपूरच्या फेऱ्या यांसाठी वेगळा वाटा राखून ठेवावा. ‘वर्षभर दरमहा दोनशे रुपये’ असे पन्नास जणांचे वचन हे एकदाच दिलेल्या दहा हजारांपेक्षा अधिक कामाचे.

पैशाइतकीच गरज माणसांची असते. आठवड्यातला एक दिवस वाटून घ्यावा. त्या दिवशी त्या मित्राने घरी थांबावे आणि आईला किंवा पत्नीला चार तास मोकळे करावे. दारात उतरंड बांधणे, संडासात पकडायला दांडा लावणे, अंगणात फरशी टाकणे ही गावातल्या गवंडी-सुताराची दोन दिवसांची कामे आहेत. भेटायला येणाऱ्यांनी ‘पुन्हा कधी उडणार?’ हा प्रश्न टाळावा. पूर्ण बरे होण्याचे खोटे आश्वासन किंवा जडीबुटीचा हमखास उपाय याने उपचाराचे मौल्यवान आठवडे जातात. खेळाडू गप्प राहू लागला, जेवण सोडले, जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागला तर ते हसण्यावारी नेऊ नये. ‘टेली-मानस’ची १४४१६ ही मोफत मदतवाहिनी मराठीतही बोलते.

या दोन जिल्ह्यांत पुढे काय करता येईल?

चंद्रपूरने धाडसाला पाठबळ देऊन दाखवले आहे. ‘मिशन शौर्य’मधून येथील आश्रमशाळांचे पाच विद्यार्थी मे २०१८ मध्ये एव्हरेस्टवर पोहोचले. डिसेंबर २०२३ मध्ये बल्लारपूरजवळच्या विसापूर क्रीडा संकुलात राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धा झाल्या. पण पडलेल्याला सावरण्याची व्यवस्था त्या वेगाने वाढलेली नाही. हाजीअलीची अखिल भारतीय भौतिकोपचार व पुनर्वसन संस्था मुंबईत, जायबंदी जवानांसाठीचे पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र पुण्याच्या खडकीत. विदर्भाला जवळचे म्हणजे दिव्यांगांसाठीचे नागपूरचे संमिश्र प्रादेशिक केंद्र.

तरी या मातीत पुनर्वसनाची परंपरा आहे. वरोऱ्याच्या आनंदवनात १९४९ पासून ‘दान नको, काम हवे’ याच विचारावर माणसे उभी राहिली. कुष्ठमुक्तांबरोबर दिव्यांगांनाही तेथे कामाचे शिक्षण मिळाले. बाबा आमटे यांना स्वतःला मणक्याच्या विकाराने फार वेळ बसता येत नसे. तरी १९८५ मध्ये कन्याकुमारीहून निघालेल्या ‘भारत जोडो’ यात्रेत तरुण सायकलींवर आणि बाबा बसमधल्या खाटेवर, असा प्रवास त्यांनी केला.

त्याच धर्तीवर जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय, वैद्यकीय महाविद्यालय आणि सायकल क्लब यांनी तीन गोष्टी जुळवल्या तरी पुरे. सरावाच्या प्रत्येक ठिकाणी फळी, मानेचा पट्टा आणि प्रथमोपचार शिकलेले दोघे. जिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस मज्जारज्जू व मेंदूच्या रुग्णांसाठी भौतिकोपचार आणि समुपदेशन. आणि जायबंदी खेळाडूला शालेय स्पर्धांत पंच, सहायक प्रशिक्षक, सायकल दुरुस्ती किंवा चित्रफीत संपादन असे मानधनाचे काम. मानव विकास कार्यक्रमातून सायकल मिळालेल्या शेकडो मुली रोज याच रस्त्यांनी शाळेत जातात. खेळाडूसाठी उभी राहिलेली फळी आणि शिकलेले हात त्यांच्याही कामी येतील.